मेट्रो २०३३ रिडक्स: लायब्ररीत अडकलोय, गोळ्या पण संपत आल्यात

सिडको_स्नायपर
मंडळी मदत करा. सेलमध्ये मेट्रो २०३३ रिडक्स (अणुयुद्धानंतर मॉस्कोच्या मेट्रोच्या बोगद्यांत राहणाऱ्या लोकांचा गेम) स्वस्तात दिसला म्हणून घेतला, आत्तापर्यंत नुसते धाड धाड गोळ्या घालायचे गेम खेळत आलोय त्यामुळे वाटलं हा पण तसलाच असेल, आणि एका मित्राने सांगितलं की रेंजर मोडवरच (म्हणजे अवघडवाल्या) खेळ, खरी मजा तिथेच. तो मित्र आता फोन उचलत नाहीये. असो. मॉस्कोच्या त्या मोठ्या लायब्ररीत पोचलोय, सोबतचे मागे राहिले आणि मी एकटा खाली पुस्तकांच्या गोदामात. तिथे ते राखाडी धिप्पाड प्राणी फिरतायत, लायब्रेरियन, एकावर अख्खी मॅगझिन रिकामी केली तरी ढिम्म, उलट दोन फटक्यात मलाच आडवा करतो. रात्री हेडफोन लावून खेळत होतो, मागून आईने खांद्यावर हात ठेवला तर असा किंचाळलो की शेजारच्या काकांनी गॅलरीतली लाईट लावली. ह्यांना मारायचं कसं ते सांगा, आणि गोळ्या कुठून आणायच्या? अजून एक, हा संपला की ह्याच मालिकेतला पुढचा एक्सोडस घ्यायचा विचार आहे, लॅपटॉपला १६५० ग्राफिक्स कार्ड आहे, चालेल का?

पंचवटी_पॅसेंजर
मारायचंच नाही भावा, तिथेच तर सगळी गंमत आहे. लायब्रेरियन समोर आला की बंदूक चालवायची नाही, पाठ फिरवायची नाही, पळायचं तर अजिबात नाही. सरळ त्याच्या तोंडाकडे बघत राहायचं आणि हळूहळू मागे सरकायचं. रात्री गल्लीत मोकाट कुत्रं आडवं आलं की आपण करतो तेच. तो गुरगुरेल, अगदी नाकाला नाक लावेल, तुझा हात ट्रिगरवर शिवशिवेल पण नाही दाबायचा. थोड्या वेळाने त्याचा इंटरेस्ट जातो आणि तो निघून जातो, मग तू तुझ्या रस्त्याने. नजर काढलीस किंवा गोळी झाडलीस की मेलास. मागे भिंत आहे का ते आधी बघून ठेव, कोपऱ्यात सापडलास तर सरकायला जागाच उरत नाही.

मिसळ_विदाऊट_पाव
वरच्याने बरोबर सांगितलंय. गोळ्यांचं म्हणशील तर दोन जाती आहेत त्यात, एक बोगद्यात बनवलेल्या गावठी आणि दुसऱ्या युद्धाच्या आधीच्या लष्करी. लष्करी गोळ्या हेच तिथलं चलन. झाडल्या तर जोरात लागतात पण तू अक्षरशः नोटा उडवतोयस हे लक्षात ठेव, मी तर त्या बंदुकीत घालतच नाही, स्टेशनवर आलो की गॅस मास्कचे फिल्टर आणि चांगली बंदूक घ्यायला वापरतो. माणसं असतील तिथे दिवे विझव, बल्ब काढ, अंधारातून जा, चाकू फेकून मार आणि मग तो चाकू परत उचलून घे. मनगटावरच्या घड्याळावर निळा दिवा पेटला म्हणजे तू दिसतोयस. जमलं तर तिखार घे, हवेच्या दाबावर चालणारी बंदूक, तिला छर्रे लागतात, पंप मारत बसावं लागतं पण आवाज कमी आणि लष्करी गोळ्या वाचतात. आणि प्रत्येक मढं तपास, घाई नको. वर रस्त्यावर मास्कचे फिल्टर हमखास मढ्यांजवळच सापडतात, काच तडकली असेल तर मास्क पण बदलता येतो.

द्वारका_सर्कलला_अडकलेला
तुम्ही मॉस्कोच्या मेट्रोत अडकलात, आमच्या नशिबात तेवढं पण नाही. २०२१ च्या बजेटमध्ये नाशिकच्या मेट्रो निओला २,०९२ कोटी जाहीर झाले होते, ती पण टायरवाली आणि पुलावरून जाणारी. म्हणजे उद्या बॉम्ब पडला तर लपायला बोगदा नाही, सगळे पांडवलेणीवर चढा आणि अंधारात वटवाघळांशी वाटाघाटी करा.

इंदिरानगरची_भुतीण
😂 वटवाघळं परवडली. पण सीरियसली, मॉस्कोवाल्यांचं तसं नाही, तिथली मेट्रो १९३५ सालची आणि दुसऱ्या महायुद्धात लोक खरंच तिच्यात आसरा घ्यायचे, त्यामुळे गेममधली स्टेशनं उगाच रचल्यासारखी वाटत नाहीत. सिडकोवाल्या, तुला एक सांगते, आवाज रशियन कर आणि खाली इंग्रजी सबटायटल ठेव, स्टेशनवर लोक गप्पा मारत असतात त्या उभं राहून ऐक, भिकाऱ्याला एखादी गोळी दे. गेम हे सगळं गुपचूप मोजतो आणि शेवट दोन आहेत, कुठला मिळेल ते ह्यावर ठरतं. बाकी सांगत नाही. आणि रेंजर मोड अवघड आहे हे अर्धसत्य आहे, तू पटकन मरतोस तसे समोरचे पण पटकन मरतात, म्हणजे डोक्यात एक नीट बसली की काम झालं. फक्त लायब्रेरियनला हा हिशोब लावू नकोस.

जुना_खेळाडू_सातपूर
मला विचाराल तर मेट्रो जरा ओव्हररेटेड आहे. सरळ बोगदा, एकच वाट, सगळं आधीच ठरलेलं. भीती हवी तर २००७ चा स्टॉकर शॅडो ऑफ चेर्नोबिल खेळा, तिथे कोणी हात धरून नेत नाही, समोर अ‍ॅनोमली (डोळ्यांना धड न दिसणारा जीवघेणा सापळा) आहे का ते बघायला खिशातून बोल्ट काढून फेकायचा आणि मग पाऊल टाकायचं. मेट्रो बनवणारे काही लोक तिथूनच बाहेर पडलेले, दोन्ही कंपन्या मूळच्या कीव्हच्या.

मिसळ_विदाऊट_पाव
सातपूरकर, एकच वाट आहे म्हणून तर घाबरवायचं टायमिंग बसतं. मोकळ्या मैदानात तो लायब्रेरियन काय करणार होता?

सिडको_स्नायपर
निघालो त्यातून!! गोळी न घालता. तीन-चारदा मेलो पण शेवटी एक तोंडासमोर येऊन फुरफुरला आणि गेला निघून, माझे तळहात घामाने ओले. बल्ब काढता येतात हे तर माहितीच नव्हतं. एक्सोडसचं कोणी सांगेल का?

पंचवटी_पॅसेंजर
साधा २०१९ चा एक्सोडस १६५० वर मध्यम सेटिंगला चालतो. एन्हान्स्ड म्हणून जी वेगळी आवृत्ती २०२१ ला आली ती डाउनलोड करत बसू नकोस, तिला रे ट्रेसिंगवालं (उजेड-सावली खऱ्यासारखी दाखवणारं) कार्ड लागतंच, तुझ्याकडे सुरूच होणार नाही. आणि त्यात गोळ्यांचं चलन नाहीये, भंगार गोळा करून स्वतःच बनवायच्या, मिसळवाल्याची सावकारी तिथे बंद.