बोटांआधी डोकं थकतं
मोबाईलवर गेम खेळून थकलं की ‘डोळ्यांवर पाणी मारलं की थकवा जातो’ असं काहीजण म्हणतात, ते डोळ्यांपुरतं खरं. माझा घाटकोपरचा भाचा रात्री ११ ते अडीच टीमबरोबर बीजीएमआय या मोबाईलवरच्या लढाईच्या गेमचा सराव करायचा. एक मॅच साधारण अर्ध्या तासाची, १०० खेळाडू. सहाव्या मॅचलाही त्याचा नेम चुकत नसे, पण झोन, म्हणजे गेममधला सुरक्षित भाग, आकसत आला तरी हा गेममधल्या घरातच बसून; कुठे सरकायचं तेच सुचायचं नाही. एका सकाळी दादरला निघाला आणि उलट दिशेच्या ठाणे लोकलमध्ये चढला, मुलुंडला कळलं. ऐकून माझ्या पोटात गोळाच आला.

आता दर दोन मॅचनंतर तो मोबाईल आईकडे देऊन दहा मिनिटं गॅलरीत उभा राहतो. रील्स बघत घेतलेला ब्रेक धरायचा नाही, असं टीमनेच ठरवलंय.