मदत हवी आहे: लेकीच्या मिनेसोटातल्या घरासाठी फर्नेस, 80 टक्केवाला की 96 टक्केवाला?

बॉयलरवाले (सोलापूर)

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत सूत रंगवायच्या युनिटमध्ये नोकरीभर बॉयलर सांभाळला. फर्स्ट क्लास अटेंडंटचं सर्टिफिकेट आहे, आता निवृत्त. लेक-जावई मिनियापोलिसजवळ असतात. त्यांनी जुनं घर घेतलंय आणि तळघरातला गॅसचा फर्नेस आता शेवटच्या घटका मोजतोय. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा हवा तापवतो आणि पंख्याने डक्टमधून घरभर फिरवतो. आमच्याकडे मे महिन्यात 43 डिग्रीत हे नुसतं लिहितानाही घाम फुटतो.)

तिथल्या ठेकेदाराने दोन कोटेशनं दिली आहेत. एक 80 टक्के एएफयूईचा (म्हणजे वर्षभरात जाळलेल्या गॅसमधली किती टक्के उष्णता घराला मिळते तो आकडा), दुसरा 96 टक्क्यांचा. दुसरा चांगलाच महाग. जावईबापू म्हणाले, "बाबा, हे तुमच्याच लाइनमधलं काम, तुम्हीच सांगा." आता आली का पंचाईत!

माझी शंका अशी. 96 वाल्यात म्हणे धूर इतका थंड करतात की त्यातली वाफ पाणी होऊन गळते, आणि धूर प्लॅस्टिकच्या पाइपातून भिंतीबाहेर सोडतात. आम्हाला तर पहिल्या दिवसापासून शिकवलं होतं की चिमणीकडे जाणारा धूर दीडशे डिग्रीच्या खाली उतरू द्यायचा नाही. कोळशात गंधक असतं, धूर थंड झाला की त्याचं आम्ल नळ्यांवर बसतं. वार्षिक तपासणीला बॉयलर उघडला की एअर प्रीहीटरच्या (जाणाऱ्या धुरावर भट्टीची हवा आधीच तापवतो तो भाग) थंड टोकाच्या नळ्या बोटाने दाबून बघायचो, खारीसारखे पापुद्रे सुटायचे. मग हे यंत्र मुद्दाम तेच करतंय, तर टिकणार किती? आणि जादा पैसे वसूल होतात का?

गारठलेला_पुणेकर

काका, शंका शंभर टक्के रास्त आहे, पण कोळशाचा नियम इथे लागू होत नाही. नैसर्गिक वायूत गंधक नावापुरतंच असतं, वास यावा म्हणून मिसळतात तेवढंच जवळपास. त्यात मुख्यतः मिथेन, आणि एक किलो मिथेन जाळला की सव्वादोन किलो पाणी तयार होतं. हे पाणी वाफ होऊन चिमणीतून गेलं की इंधनातली साधारण दहा टक्के उष्णता घेऊन जातं. म्हणून साधा फर्नेस ऐंशीच्या थोडा पुढे गेला की अडकतो. धूर साधारण 55 डिग्रीच्या खाली आणला की ती वाफ द्रव होऊ लागते आणि अडकलेली उष्णता घरात येते.

त्यासाठी आत दुसरा हीट एक्स्चेंजर (धुरातली उष्णता घरच्या हवेला देणारा भाग) असतो, बहुधा स्टेनलेस स्टीलचा. बाहेर पडणारा धूर कोमट असतो म्हणून पीव्हीसी चालतं. गळणारं पाणी कार्बन डायऑक्साइडमुळे आंबट असतं, ते ड्रेनपर्यंत नीट न्यावं लागतं. ड्रेन जुना बिडाचा असेल तर मध्ये चुनखडीचे खडे भरलेली नळी बसवून घ्या.

मीच_तो

गॅस कशाला जाळताय? हीट पंप लावायला सांगा, विजेवर बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढतो तो. 2026 मध्ये फर्नेस काय!

गारठलेला_पुणेकर

@मीच_तो, मिनेसोटात उणे 25 म्हणजे काय ते अनुभवलंय का? थंडीवाले हीट पंप असतात, पण तिथे बहुतेकजण बॅकअपला गॅस ठेवतातच. वेगळा धागा काढा, तिथे भांडू.

अर्धा_इंजिनियर

पैशाचं बघू. ठेकेदार बचत जुन्या फर्नेसशी तुलना करून सांगतो, तिथेच गोम आहे. जुना 65 टक्क्यांचा धरला तर 96 ने गॅस जवळपास एक तृतीयांश वाचतो, ऐकायला झकास. पण जुना जाणारच आहे! तुलना 80 आणि 96 या दोन नव्यांत हवी. तेवढ्याच उष्णतेला 80 वाल्याला 125 भाग गॅस लागतो, 96 वाल्याला 104. म्हणजे बचत सतरा टक्क्यांच्या आसपास. समजा वर्षाला घर तापवायला 80 वाला 800 थर्म (गॅसच्या बिलातलं उष्णतेचं एकक) खातो, तर 133 थर्म वाचले. लेकीच्या बिलावरच्या दराने गुणा आणि कोटेशनमधल्या फरकाला त्याने भागा. फर्नेस पंधरा-वीस वर्षं चालतो. उत्तर त्याच्या आत आलं तर घ्या. हिवाळा लांब असलेल्या ठिकाणी बऱ्याचदा येतं, टेक्साससारख्या ठिकाणी मी नाही म्हटलं असतं.

अशा फर्नेसवरची अमेरिकेच्या केंद्र सरकारची करसवलत 31 डिसेंबर 2025 ला संपली, ती कोणी दाखवत असेल तर हिशोबात धरू नका. गॅस कंपनी सूट देते का ते मात्र विचारा.

आता मुख्य मुद्दा. पाणी तापवायची गॅसची टाकी त्याच चिमणीला जोडलेली आहे का?

बॉयलरवाले (सोलापूर)

व्हिडिओ कॉलवर लेकीने तळघर दाखवलं. होय की, दोन्हींचे पत्र्याचे पाइप एकाच चिमणीत गेलेत. (साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा, 2023 मध्ये, चिमणीचा विषय आम्हा सोलापूरकरांना पुरून उरलाय, तरी बोला.)

अर्धा_इंजिनियर

मग ऐका. फर्नेस भिंतीतून धूर सोडू लागला की त्या मोठ्या चिमणीत एकटी टाकी उरते. तिचा धूर थोडा, चिमणी थंड, ड्राफ्ट (धूर वर ओढणारा झोत) धरत नाही. चिमणीत ओल धरते, आणि वाईट म्हणजे धूर उलटा तळघरात येऊ शकतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असू शकतो, त्याला वासही येत नाही. चिमणीत लायनर (आतून घालायचा अरुंद पाइप) घाला किंवा धूर पंख्याने बाहेर ढकलणारी नवी टाकी घ्या. हा खर्च कोटेशनमध्ये आहे का बघा, पुष्कळदा नसतो. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर आजच लावायला सांगा.

बॉयलरवाले (सोलापूर)

ड्राफ्टचं सांगितलंत ते लगेच पटलं, असा उलटा धूर आमच्या बॉयलर हाउसमध्ये अंगावर घेतलाय. लायनरचा कोटेशनमध्ये उल्लेखच नाही. आणखी एक, जुन्यावर 1,00,000 बीटीयू (ताशी उष्णतेचं माप) लिहिलंय म्हणून नवाही तेवढाच देतोय. मोजमाप काही केलं नाही.

गारठलेला_पुणेकर

ते चुकीचं आहे. घराला किती उष्णता लागते याची मॅन्युअल जे नावाची रीतसर गणना असते, खिडक्या, इन्सुलेशन, सगळं धरून. ती मागाच. मोठा फर्नेस भसकन पेटतो, भसकन विझतो, खोल्या कधी गरम कधी गार. टू-स्टेज (मंद आणि पूर्ण अशा दोन पातळ्यांवर जळणारा) घेतलात तर बराच वेळ मंद चालतो, लेकीला तो फरक बिलाच्याही आधी जाणवेल. शिवाय 96 वाल्याला जळायची हवा बाहेरून पाइपाने घेता येते, घरातली तापवलेली हवा खर्ची पडत नाही. हे दोन्ही पाइप बर्फ साठतो त्याच्या वर काढायला सांगा, तोंड बुजलं की फर्नेस बंद पडतो.

बॉयलरवाले (सोलापूर)

मंडळी, आभार. 96 टक्के, टू-स्टेज, गणना करूनच, आणि लायनर व ड्रेन धरून लेखी कोटेशन, असं जावईबापूंना कळवलंय. पाण्याची टाकी किती जुनी आहे ते लेक उद्या पाटी वाचून सांगणार आहे. तीही बदलायच्या वयाची निघाली तर लायनर घालू की पंख्याची टाकी घेऊ? दोन्हींचा अनुभव असलेल्यांनी लिहा.