मदत हवी आहे: सगळे एकदम लॉगिन करायला लागले की सर्व्हर आडवा होतो

मंडळी, तीन रात्री याच्यामागे आहे, आता जाणकारांनीच मार्ग दाखवावा.

आमची सराव परीक्षांची साइट आहे. लिनक्स, एनजिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी-एफपीएम (साइटचा पीएचपी कोड चालवणारा), मायएसक्यूएल (डेटाबेस), सगळं ४ जीबी रॅमच्या एकाच मशीनवर. एरवी दिवसभर कुरकुर नाही. पण सकाळी १० ला परीक्षा उघडते, मुलं एकदम लॉगिन करतात आणि मिनिटभरात डेटाबेस गायब. आधी आत आलेल्या मुलांचाही पेपर अर्धवट राहतो. महिनाभर तयारी करून बसलेली असतात हो ती, फार वाईट वाटतं.

मायएसक्यूएलचं मॅक्स कनेक्शन्स (एका वेळी किती जोडण्या चालतील ती मर्यादा) १५१ वरून ३०० केलं, फरक नाही. ईमेलच्या रकान्यावर इंडेक्स आहे, क्वेरी क्षणात उरकते. पीएचपीची मेमरी लिमिट १२८ वरून ६४ एमबी केली, तरी तेच. मला खटकतंय ते मायएसक्यूएलचं एरर लॉग. त्यात बंद पडल्याची नोंदच नाही, पुढची ओळ थेट नव्याने सुरू झाल्याची.

गेल्या पंधरवड्यात कोडमध्ये बदल एकच: पासवर्ड बीक्रिप्टऐवजी आर्गॉन२आयडी या पद्धतीने हॅश करतो (मूळ पासवर्ड परत काढता येऊ नये अशा रूपात साठवतो). एकटीने लॉगिन करून पाहिलं होतं, नीट चाललं.

प्रतिसाद: काही न लिहिता प्रोसेस गेली म्हणजे ती बाहेरून मारली गेली असणार. डीमेसेजमध्ये, म्हणजे कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत, 'आउट ऑफ मेमरी' शोधा. रॅम संपली की कर्नल सहसा सगळ्यात जास्त मेमरी धरून बसलेल्या प्रोसेसचा बळी देतो. तुमच्याकडे ती मायएसक्यूएल असेल, पण रॅम संपवणारा दुसराच कुणीतरी. एफपीएमचे मॅक्स चिल्ड्रेन (एका वेळी चालणाऱ्या पीएचपी प्रोसेसची मर्यादा) किती? मायएसक्यूएलचा बफर पूल (डेटा रॅममध्ये ठेवायची जागा) किती?

धागाकर्ती: सापडली ओळ! १० वाजून १ मिनिट, मायएसक्यूएलच मारलाय. मॅक्स चिल्ड्रेन ४०, बफर पूल दीड जीबी.

प्रतिसाद: मग हिशेब मांडा. पीएचपीत आर्गॉन२ची डीफॉल्ट मेमरी ६५५३६ केबी, म्हणजे प्रत्येक लॉगिनला ६४ एमबी. बीक्रिप्टला जेमतेम ४ केबी लागायची. ४० जण एकदम आले की २५६० एमबी, वर तुमचा दीड जीबी. संपली रॅम. ही मेमरी पीएचपीच्या मेमरी लिमिटमध्ये धरलीच जात नाही, म्हणून तो उपाय लागू पडला नाही.

बीक्रिप्टवर मात्र परत जाऊ नका. आर्गॉन२ मुद्दाम मेमरी खातो, पासवर्ड फोडणाऱ्याला ते महाग पडावं म्हणून. ओवॅस्प या वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या शिफारशींत १९ एमबी आणि २ फेऱ्यांचा पर्याय आहे, तो घ्या. हॅश बदलायला हवा का ते सांगणाऱ्या पीएचपीच्या 'पासवर्ड नीड्स रीहॅश' फंक्शनला हेच नवे आकडे देऊन, हो म्हटलं की नव्याने हॅश केलंत, की ज्याचा त्याचा हॅश पुढच्या लॉगिनला बदलेल. पण जुना हॅश पडताळताना ६४ एमबीच लागणार, कारण ते आकडे हॅशमध्येच लिहिलेले असतात. तोवर मॅक्स चिल्ड्रेन १५ ठेवा. मुलं क्षणभर रांगेत थांबतील, पण साइट उभी राहील.

धागाकर्ती: टेस्ट मशीनवर ४० लॉगिन एकदम सोडून पाहिले, मायएसक्यूएल जागचा हलला नाही! मनापासून आभार. एक शंका: जी मुलं उद्या येणारच नाहीत त्यांचे हॅश ६४ एमबीचेच राहतील ना?

प्रतिसाद: हो, तसेच राहतील. म्हणून बहुतेक सगळे एकदा येऊन जाईपर्यंत तो १५चा आकडा वाढवू नका.