मदत हवी आहे: चोरलजवळच्या मूळ जंगलाच्या अभ्यासासाठी निधी कुठून मिळवावा?

चोरलकाठ:
इंदूरचा नोंदणीकृत न्यास आहे, आयकर सवलतीच्या 12अ आणि 80ग या दोन्ही नोंदण्या आहेत. चोरलजवळ पंचायतीच्या 12 हेक्टर खडकाळ उतारावर धावडा, सालई, तेंदू, मोहा यांचं जंगल कुठल्या पद्धतीने परत उभं राहतं, हे 5 वर्षं मोजायचं आहे. निम्म्या भागात घाणेरी (लँटाना) माजली आहे. सीएसआरवाले (कंपन्यांचा सामाजिक जबाबदारीचा निधी देणारे) विचारतात, झाडं किती लावणार? विज्ञानाला निधी देणारे म्हणतात, न्यासाला देता येत नाही. कोणाकडे नक्की काय मागावं?

माळवी माती:
एकच प्रस्ताव दोघांकडे पाठवू नका. प्रत्यक्ष काम वेगळं, मोजणी वेगळी.

कुंपण, घाणेरी काढणं, रोपवाटिका, राखणदाराचा पगार हे सीएसआरमध्ये सरळ बसतं. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत पर्यावरणाची बाब आहेच. मात्र सीएसआर-1 हा अर्ज भरून नोंदणी क्रमांक आधी घ्या, 1 एप्रिल 2021 पासून तो लागतो. त्याच अनुसूचीतली संशोधनाची बाब मुख्यतः सरकारी निधीवरच्या विद्यापीठांसाठी आणि संस्थांसाठी आहे, तिथे न्यासाने वेळ घालवू नये. शिवाय सीएसआरचा बहुवर्षीय प्रकल्प सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून जास्तीत जास्त 3 वर्षं चालतो. तुमची मोजणी त्यावर अवलंबून ठेवलीत तर ऐन महत्त्वाच्या वेळी बंद पडेल.

मोजणीसाठी एएनआरएफ, म्हणजे संशोधनाला निधी देणारी केंद्राची संस्था (आधीचं निधी देणारं मंडळ एसईआरबी 2023 च्या कायद्याने त्यातच गेलं), किंवा भोपाळची राज्य विज्ञान परिषद. मुख्य संशोधक मान्यताप्राप्त संस्थेत नियमित पदावर हवा. होळकर विज्ञान महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मुख्य संशोधक आणि न्यास क्षेत्र-भागीदार, अशी जोडी जमवून लेखी करार करा. जेआरएफचं (कनिष्ठ संशोधकाचं) मानधन महिना 37,000 आणि वर घरभाडं धरा. कमी धरलंत तर मुलं मध्येच सोडून जातात आणि नोंदींत खंड पडतो.

रानवही:
ताई, पैशाआधी आराखडा पक्का करा. बहुतेक प्रस्ताव तिथेच पडतात. चार प्रकार ठेवा: काहीच न करणं, फक्त कुंपण, कुंपण आणि घाणेरी काढणं, या दोन्हींबरोबर पेरणी. प्रत्येकाचे 5, म्हणजे 20 बाय 20 मीटरचे 20 प्लॉट. कुठल्या प्लॉटला कुठला प्रकार हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. चांगली जागा पेरणीला दिली की निकालाला अर्थ राहत नाही. प्लॉटभोवती 5 मीटर पट्टा सोडून कुंपण घातलं तर एकाला 120 मीटर लागतं, 15 प्लॉटना 1,800. खर्चात हाच आकडा सगळ्यात मोठा निघेल, तो सीएसआरकडे मागा.

घाणेरी वरवर छाटू नका, दुप्पट फुटते. मुख्य मूळ जमिनीखाली 3 ते 5 सेंटिमीटरवर तोडून झुडूप उलटं ठेवायचं. पक्षी बसतात त्या झाडांखाली तिची रोपं पुन्हा उगवतात, म्हणून पुढच्या पावसाळ्यांतल्या खुरपणीचे पैसे आत्ताच मांडा.

पहिली मोजणी कामाआधी. नंतर दरवर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि मे अखेरीस. ऑक्टोबरातली जिवंत रोपं दाखवून यश सांगणं चूक आहे, उन्हाळा काढला तेच खरं. आणि जुने बुंधे, तेंदूचे मुळांवरचे फुटवे शोधा. ते असतील तिथे खड्डे खणणं म्हणजे जगती मुळं तोडणं. मधला गवताळ तुकडा तसाच राहू द्या, माळही मूळचाच असतो.

माळवी माती:
तुलनेसाठी रालामंडलमध्ये प्लॉट घालणार असाल तर ते अभयारण्य आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 28 खाली मुख्य वन्यजीव अभिरक्षकांची परवानगी लागते. अर्ज आत्ताच करा, निधी आल्यावर थांबलात तर एक पावसाळा जातो. परदेशी निधीसाठी न्यासाला एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी आणि स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेत खातं लागतं. दुसऱ्या संस्थेने तिचा परदेशी पैसा तुमच्याकडे वळवणं 2020 पासून बंद आहे.

चोरलकाठ:
खूप आभार. धावड्याची रोपं मात्र रोपवाटिकांत मिळत नाहीत.

रानवही:
बी भरपूर येतं, पण बरंचसं पोकळ, उगवण फार कमी. म्हणून बी जास्त प्रमाणात गोळा करा आणि उगवणीची चाचणी हाच प्रस्तावाचा स्वतंत्र भाग करा. खर्च थोडा, पहिल्याच वर्षी निकाल हातात. सालईच्या जाड फांद्या पावसाआधी लावून बघा. मोह्याचं बी टिकत नाही, जून-जुलैत ताजंच पेरा.