सायकलनं ११ किलोमीटर जातो, शाळेत पोचेपर्यंत शर्टाचा पार चुरगळा होते, काय करू?

नवा_गुरुजी (दर्यापूर तालुका)
नमस्कार मंडळी. यंदाच जिल्हा परिषदेच्या शाळेवर लागलो. राहतो तालुक्याच्या गावी अन शाळा ११ किलोमीटरवर, मधात एक नाला. एसटीची सकाळची एकच फेरी आहे अन ते पोचवते तोवर परिपाठ होऊन जाते. शिक्षण सेवकाचं मानधन १६ हजार, घरी पैसे पाठवतो, त्याच्यानं गाडीचा विचार सध्या नाही. सायकल चांगली आहे, चालवायला मले आवडते पण, तिची तक्रारच नाही.

अडचण कपड्याची. मी टी-शर्ट अन हाफ पँटवर जातो, शाळेत खिचडीच्या खोलीमागं हातपाय धुऊन कपडे बदलतो. प्रेस केलेला शर्ट अन पँट पाठीवरच्या बॅगमध्ये असते. घरून निघतानी कडक घडी असते अन तिथं काढलं की छातीवर, बाह्यांवर आडव्या रेघाच रेघा. शिक्षकांच्या कपड्यांचा १५ मार्च २०२४ चा सरकारी जीआर सर्वांना माहीत आहे, फिकट शर्ट, गडद पँट, शर्ट इन केलेला. पण मले जीआरपेक्षा दुसरी गोष्ट लागते. चौथीत एक पोरगी आहे, तिच्या घरी इस्त्री नाही, तिची माय पितळीच्या गडव्यात निखारे टाकून तिचा गणवेश प्रेस करते. मी डोळ्यानं पाहिलं, गडव्याच्या बुडाची गोल कड फ्रॉकवर उमटलेली असते. ते पोरगी समोर बसते अन मी चुरगळलेल्या शर्टात फळ्यापाशी उभा. मले बरं वाटत नाही. कोणी रोज असं जात असन तर खरं काय चालते ते सांगजा.

प्रेसवाल्याचा_पोरगा (अकोट)
गुरुजी, आमचा प्रेसचा ठेला आहे, मी लहानपणापासून बाबासंग कोळशाच्या इस्त्रीपाशी उभा राहिलो. तुमची बॅग नंतर पाहू, पयले हे सांगा की प्रेस झाल्यावर घडी किती वेळानं घालता? माह्या अंदाजानं लगेच घालत असान. सुती कपडा गरम अन ओलसर असला की धागा नरम पडते, त्या टायमाले त्याले जसं ठेवलं तसाच तो वाळून बसते. इस्त्रीचं सगळं काम याच्यावरच चालते, पाणी शिंपडा, गरम फिरवा, सपाट वाळते. आता तोच शर्ट वाफ निघत असतानी बॅगमध्ये कोंबला तर तो बॅगमधल्या सुरकुत्यांसकट वाळते, म्हणजे तुम्ही सुरकुत्या प्रेस करून घेतल्या असं समजा. रात्री प्रेस करा, हँगरवर निदान अर्धा तास राहू द्या, हात लावून थंड अन कोरडा वाटला पाहिजे, मंगच घडी.

अन पाठीवर नेऊ नका. पाठीचा घाम बॅगच्या कापडातून आत जाते, तुम्हाले दिसत नाही पण शर्टाले ओल लागते, वरून तुमच्या अंगाची गरमी, वरून वजन. घरची प्रेस अन पाठीवरची बॅग सारखंच काम करतात, फक्त एक सरळ करते अन दुसरी वाकडं.

अजून एक, तुमच्याकडं खारपाणपट्टा आहे, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारं. बोरचं पाणी शिंपडून गडद पँट प्रेस केली की पांढरे ठिपके पडतात, क्षार असते ते, मंग माणूस घासत बसते. पिण्याच्या जारचं पाणी वाटीभर घ्या, तेवढं पुरते.

मॅडम_अंजनगाव
मी पाच वर्ष ८ किलोमीटर सायकलनं गेले, आता बदली झाली म्हणून सुटलं. माझा अनुभव असा की रोजचं नेणं-आणणं हेच कमी करायचं. सोमवारी पूर्ण आठवड्याचे कपडे एकदाच न्यायचे, कोणाच्या गाडीवर जमलं तर गाडीवर नाहीतर एसटीनं, आणि शाळेतल्या गोदरेजच्या कपाटात एक कप्पा मुख्याध्यापकांना विचारून घ्यायचा. मी आत दोरी बांधून चार हँगर लावले होते, खाली चप्पल, पावडर, टॉवेल. शनिवारी मळलेले परत, ते कसेही कोंबले तरी चालतात. कपाटाला कुलूप पाहिजे आणि डांबरगोळ्या टाकू नका, दिवसभर वास येतो, कडुनिंबाचा वाळलेला पाला कापडात बांधून ठेवा.

साडीवाल्या मैत्रिणींसाठी पण लिहिते कारण कोणी लिहीत नाही. सुती साडीला खळ कमी द्या. कडक खळीची साडी उभी छान राहते पण एकदा मोडली की ती मोड पापडासारखी दिसते, हात फिरवून जात नाही. निऱ्या घरीच घालून वरती तीन सेफ्टी पिना लावायच्या आणि साडी लांब पट्टीसारखी करून टॉवेलभोवती गुंडाळायची, घडी करायची नाही. शाळेत गेल्यावर नेसायला चार मिनिटं.

डाकवाला_भाऊ (मूर्तिजापूरकडचा)
मी टपाल घेऊन रोज तीन गावं करतो त्याच्यानं कॅरियरवर वस्तू कशी बसवायची हे मले पक्कं माहीत आहे. तुमच्या शाळेतच औषध आहे गुरुजी, परीक्षेचं पॅड! ते पुठ्ठ्याचं, वरती चिमटा असलेलं, लेकरं पेपरले आणतात ते. दोन घ्या. शर्टाची सगळी बटणं लावून शर्ट पालथा टाका, पॅड पाठीवर मधोमध ठेवा, चिमटा कॉलरखाली आला पाहिजे, दोन्ही बाजू अन बाह्या पॅडवर आणा, खालचा भाग वर घ्या. मंग दुसरं पॅड वरून ठेवून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून दोन ठिकाणी बांधा. शर्ट मधात दाबून राहते, हलत नाही. हललं की घासते अन घासलं की चुरगळते. नुसती घडी पिशवीत टाकली तर आपल्या रस्त्यावर ती नाचत जाते, गिट्टी उखडलेली कुठं नाही सांगा.

पँट क्रीजवर धरून टॉवेलवर तीन पदरी गुंडाळा. ते गुंडाळी पॅडच्या खाली कॅरियरवर ठेवली की धक्के पण ते खाते. बेल्ट-बूट शाळेतच ठेवा, बेल्टचं बक्कल शर्टावर छापा मारते.

नवा_गुरुजी
प्रेसवाले भाऊ, तुम्ही बरोबर पकडलं, मी सकाळी अंग धुवायच्या आधी प्रेस करून लगेच बॅगमध्ये टाकत होतो. पॅडचं आजच करून पाहतो. एक विचारायचं राहिलं, पावसाचं काय? आपल्याकडं शाळा जूनच्या शेवटी उघडते म्हणजे पयल्याच आठवड्यात झड. गावातला एक दादा म्हणे औषधाच्या खोक्यातली जाड पन्नी घ्या, फुकट आहे.

कापूस_तूर_सोयाबीन
गुरुजी ते काम अजिबात करू नका!! फवारणीच्या औषधाची पन्नी, खोकं, डबा, काहीच कपड्याले लावू नका, कितीही धुतलं तरी. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करतानी विषबाधा होऊन शेतकरी, मजूर गेले, ते आम्ही जवळून पाहिलं आहे. घामाच्या अंगावर घालायचा कपडा आहे तो, अन दिवसभर लेकरं तुमच्याजवळ येणार. त्या दादाले पण सांगा. किराणा दुकानात गहू-तांदळाच्या कट्ट्याच्या आतली जाड पांढरी पन्नी मागा, नाहीतर पीठ भरायची मोठी पन्नी विकत घ्या, १०-२० रुपयात येते. पॅडचं बंडल पन्नीत टाका, आतली हवा हातानं दाबून काढा, तोंड दोनदा मुडपून रबर लावा. मंग ते आणखी एका पन्नीत, पण तोंड उलट्या बाजूनं. वावरात मोबाईल आम्ही असाच नेतो, नाल्यात पडला तरी कोरडा निघते. पण शाळेत पोचल्याबरोबर बाहेर काढा, बंद पन्नीत ओल धरते.

अन नाल्याले पाणी असलं तर थांबा. पाणी गढूळ असलं की रपट्यावर, म्हणजे नाल्यावरच्या ठेंगण्या पुलावर, किती आहे समजत नाही, शर्ट ओला झाला तर झाला.

नवा_गुरुजी
आठ दिवस झाले, सांगायला आलो. रात्री प्रेस, हँगर, सकाळी पॅडवर घडी, पन्नी, ट्यूबची पट्टी. छाती अन बाह्या एकदम साफ, इन केल्यावर कोणी म्हणणार नाही की हा सायकलवर आला. दोन टेरीकॉटचे शर्ट शिवले, पॉलिस्टर ६५ कॉटन ३५ वाला कपडा, ते तर न बोलता सरळ राहतात, पण सकाळच्या शाळेच्या टायमाले मार्च-एप्रिलात ते अंगाले चिकटन, तेव्हाले सुतीच. मुख्याध्यापक सरांनी कपाटातला खालचा कप्पा दिला, पँट अन बूट तिथंच राहते आता.

फक्त कॉलर बसून जाते. पॅडच्या चिमट्यानं मागून दबते.

प्रेसवाल्याचा_पोरगा (अकोट)
चिमटा कॉलरले नका लावू, खांद्याच्या शिलाईखाली लावा. अन नवीन शर्टाच्या कॉलरमध्ये जे पुठ्ठ्याची पट्टी येते ते फेकली नसन तर गोल करून कॉलरच्या आत उभी घाला. फेकली असन तर जुन्या वहीचं कव्हर तीन बोटं रुंद कापा, चालते.