मदत हवी आहे: माझ्या लॅपटॉपवर चालणारी एक्सई मोंढ्यातल्या जुन्या मशीनवर उघडेना

नमस्कार मंडळी,

उदगीरच्या मोंढ्यात मामाचं आडत दुकान आहे. काटा झाला की शेतकऱ्याला हिशोबपट्टी द्यायची: कट्टे, वजन, भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा. मुनीमकाका हे सगळं कॅल्क्युलेटरवर करतात आणि सोयाबीनची आवक सुरू झाली की रात्री दहापर्यंत बसून राहतात. म्हणून सुट्टीत पायथनमध्ये स्क्रिप्ट लिहिली. एक्सेलमधली वजनं पांडाज या लायब्ररीने वाचते, पट्टी तयार करते.

दुकानातल्या मशीनवर पायथन नाही आणि मुनीमकाकांना काळ्या खिडकीत कमांड टाकायला सांगणं माझ्याच्यानं होणार नाही. त्यांना डबल क्लिक पाहिजे. पायइन्स्टॉलर (पायथन स्क्रिप्टची डबल क्लिकवर चालणारी फाइल, म्हणजे एक्सई, बांधणारं साधन) वापरून 'वनफाइल' पर्यायाने, म्हणजे सगळं एकाच फाइलीत, एक्सई केली (पायथन ३.१२, विंडोज ११). दुकानात विंडोज ७ आहे. तिथं 'एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ' नावाची डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी विंडोजची फाइल) सापडत नाही म्हणतंय. मामा म्हणे, "काय म्हणायलंय रे हे?" मी काय सांगू!

मामेभावाच्या विंडोज १० वर उघडली, पण अर्ध्या मिनिटाने. वर पट्टीचा नमुना असलेली फाइल सापडत नाही म्हणून बंद पडली. दुसऱ्या दिवशी अँटिव्हायरसने एक्सईच उचलून नेली. नेटवरून डीएलएल आणून टाकू का?

प्रतिसाद १
डीएलएल बिलकुल आणू नका, कुठली काय निघेल सांगता येत नाही. पायथन ३.९ पासून विंडोज ७ चालतच नाही, ३.८ ही शेवटची. एक्सईच्या पोटात तुमचंच पायथन बसलेलं असतं, त्यामुळे ती अडचणही सोबत गेली. ३.८ टाकून पुन्हा बांधा. मशीन ६४ बिटच दिसतंय; ३२ असतं तर ६४ बिटची एक्सई तिथं सुरूच झाली नसती, गाडी डीएलएलपर्यंत पोचलीच नसती.

प्रतिसाद २
लिनक्सवर बांधून बघा, हलकी होईल.

प्रतिसाद १
नाही हो. पायइन्स्टॉलर ज्या सिस्टीमवर चालवाल त्याच सिस्टीमची फाइल देतो. विंडोजची एक्सई विंडोजवरच बांधायची.

बाकीचं: वनफाइल दर वेळी सगळा पसारा टेंप फोल्डरमध्ये उलगडते, मग चालू होते. म्हणून उशीर. स्वतःलाच उलगडणारी अनोळखी फाइल बघून अँटिव्हायरसलाही संशय येतो. 'वनडिर' करा (एक्सई आणि तिचा पसारा एका फोल्डरमध्ये आधीच उलगडलेला), दोन्ही त्रास बरेच कमी होतील. नमुन्याची फाइल पायइन्स्टॉलरच्या 'ॲड-डेटा' पर्यायाने सोबत द्या आणि कोडमध्ये तिचा पत्ता चालू फोल्डरवरून नको, पायथनच्या सिस मॉड्यूलमधल्या '_एमईआयपास'वरून (सोबत बांधलेल्या फाइली जिथं असतात तो पत्ता) घ्या. पांडाज फक्त एक्सेल वाचायला घेतलंय का? मग ओपनपायएक्सएल या फक्त एक्सेलसाठीच्या लायब्ररीवर भागेल. बांधताना नवं व्हर्च्युअल एन्व्हायर्न्मेंट (पायथनची वेगळी, कोरी जागा) घ्या, नाहीतर नको ते पॅकेजही आत शिरतं.

धागाकर्ता
झालं! पांडाज काढलं, ३.८ वर बांधलं, विंडोज ७ वर दोन-तीन सेकंदांत उघडतंय. काल मात्र पुन्हा फोन आला, "बंद पडलंय." जाऊन बघतो तर मुनीमकाकांनी फोल्डरमधून नुसती एक्सई ओढून डेस्कटॉपवर ठेवलेली. परत आत टाकली, बाहेर शॉर्टकट करून दिला.

आता एकच विचारायचंय: भाव रोज बदलतो, तो कोडमध्ये न ठेवता बाहेरच्या फाइलमधून घ्यायचाय. ती फाइल एक्सईच्या शेजारी ठेवली तर तिचा पत्ता कसा काढू? तिथं '_एमईआयपास' चालेना.

प्रतिसाद १
ते आतल्या फाइलींसाठी. शेजारच्या फाइलीसाठी 'सिस.एक्झिक्युटेबल' (खुद्द एक्सईचा पत्ता) घ्या आणि त्याचं फोल्डर काढा.