मदत हवी आहे: चार टॅब, एक टीव्ही, तिसरी-चौथी एका खोलीत आणि पुस्तक कर्नाटकाचं

जांबोटी_रोड

नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे, एका सरकारी मराठी शाळेत शिकवते. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात, पटावर 26 पोरं. गावच्या माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी काढून शाळेला 43 इंची टीव्ही आणि चार टॅब दिले. एसडीएमसीच्या (शाळा विकास आणि देखरेख समितीच्या) बैठकीत हार-नारळ झाला, फोटो निघाले, आणि आता दर बैठकीला विचारणा असते, "बाई, टॅबवर काय चाललंय?" विचारणं रास्तच आहे. म्हणून इथे आले.

पहिली अडचण पुस्तकाची. मराठीत काहीही शोधायला जा, समोर येतं ते बालभारतीचं. छान असतं, तक्रार नाही. पण आमचं पुस्तक कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाचं. मराठीत छापलेलं असलं तरी कवितांपासून परिसराच्या धड्यांपर्यंत सगळं निराळं. व्हिडिओतल्या बाई "आपल्या महाराष्ट्रात" म्हणतात आणि पोरं वळून माझ्याकडे बघतात. (त्या विषयात कृपया कुणी शिरू नका, धागा शंभरी गाठेल आणि माझं काम तसंच राहील.) दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर कर्नाटक आणि मराठी माध्यम निवडलं तर माझ्या वर्गाच्या उपयोगाचं फार थोडं हाती लागतं.

दुसरी अडचण आमच्याकडचा पाऊस. जून-जुलैत इथे काय पडतो ते घाटमाथ्यावरच्यांना सांगायला नको. रेंज जाते, मग वीज जाते, आणि टीव्ही भिंतीवर नुसता टांगलेला.

तिसरी खरी डोकेदुखी. एकाच्या हातात टॅब आणि बाकीची सहा त्याच्या मानेवर. ज्याच्या घरी मोठा फोन आहे तो बोट चालवतो, बाकीची बघ्याची भूमिका घेतात. टीव्ही लावला तर वर्ग चिडीचूप होतो, पण नंतर पाटीवर काहीच उमटत नाही. असली शांतता मला नको.

मला हवंय ते एवढंच: चौथीला अपूर्णांक, तिसरीतल्या मागे पडलेल्या सात-आठ जणांना वाचन आणि सगळ्यांनाच कन्नड, कारण बहुतेकांच्या घरी मराठीच आणि कन्नड काय ते शाळेत कानावर पडतं. घरचा जुना लॅपटॉप आहे. यूट्यूबच्या लिंका कृपया नकोत.

निपाणीचा_गुरुजी

बाई, टॅब अख्ख्या वर्गासमोर काढूच नका. तिसरीला नली-कली (कर्नाटकातली गटागटानं, कार्डांवरून शिकण्याची पद्धत) आहे ना? मग बैठक तुमच्याकडे तयार आहे. शिक्षकाच्या मदतीचा गट, सोबत्यांच्या मदतीचा गट, आपलं आपण करणारा गट. 1995 मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात हे सुरू झालं तेव्हा टॅब कुणाच्या स्वप्नातही नव्हते, पण टॅबला याहून सोयीची बैठक मला अजून दिसलेली नाही. टॅब फक्त "आपलं आपण" वाल्यांना द्या. चार टॅब म्हणजे आठ पोरं, जोडीनं. एकाच्या हातात टॅब, दुसऱ्याच्या हातात पाटी. पाटीवर उत्तर लिहून झाल्याशिवाय स्क्रीनला बोट लावायचं नाही, आणि पुढच्या उदाहरणाला पाटी-टॅबची अदलाबदल. घरी फोन असलेल्या पोराला सुरुवातीला पाटीच द्या, आपोआप वळणावर येतो. उरलेली अठरा तुमच्या वाट्याला. चौथीलाही असंच बसवा, वरून कुणी येऊन हरकत घेत नाही.

टिळकवाडी_कट्टा

मी मास्तर नाही, कॉम्प्युटरवाला आहे, त्यामुळे तेवढंच बोलतो.

नेटचा प्रश्न कोलिब्रीनं सुटेल. नेटशिवाय धडे चालवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. लॅपटॉपवर टाकायचं, बेळगावला किंवा खानापूरला नेट चांगलं असेल तिथे बसून हवं ते एकदाच उतरवून घ्यायचं. शाळेत मग लॅपटॉपच सर्व्हर. टॅबवर वेगळं काही बसवावं लागत नाही, साध्या ब्राउझरमध्ये उघडतं. एक ग्यानबाची मेख आहे: विंडोजचा हॉटस्पॉट नेट नसेल तर बऱ्याचदा चालूच होत नाही. त्यापेक्षा फोनचा हॉटस्पॉट लावा, मोबाइल डेटा बंद ठेवा, आणि लॅपटॉप व टॅब दोन्ही त्यालाच जोडा. कुणाच्या घरी जुना राउटर पडून असेल तर आणखी चांगलं. वीज गेली तरी लॅपटॉप, फोन आणि टॅब बॅटरीवर चालतात. म्हणून पावसाळ्यात मदार टीव्हीवर ठेवू नका.

अपूर्णांकांसाठी फेट (PhET) बघा, गणित-विज्ञानाचे हाताळून बघायचे खेळ, कोलोरॅडो विद्यापीठाचं आहे. कोलिब्रीतही मिळतं. पोरांनी वर्तुळाचे, पट्टीचे तुकडे ओढून अपूर्णांक स्वतः जुळवायचा असतो. बघत बसायला त्यात काही नाहीच. शब्द कमी, आकडे आणि चित्रं जास्त, त्यामुळे पुस्तक कुठल्या राज्याचं हा प्रश्न उरत नाही. पाऊण बेळगावात पाऊणच आणि कोल्हापुरातही पाऊणच.

टीव्हीला पेन ड्राइव्ह लावणार असाल तर फॅट32 मध्ये फॉरमॅट करा, बहुतेक टीव्ही तो वाचतात. फक्त 4 जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसत नाही.

शहापूरची_आई

कन्नडसाठी स्टोरीवीव्हर! मुलांच्या गोष्टींची वेबसाइट, प्रथम बुक्स या प्रकाशनाची, 2015 पासून. एकच गोष्ट मराठीत आणि कन्नडमध्ये, चित्रं तीच. पीडीएफ उतरवून ठेवता येते आणि मोकळा परवाना असल्यामुळे छापून वाटली तरी चालते. आमच्या घरी आधी मराठीत वाचून होते, मग तीच कन्नडमध्ये. गोष्ट माहीत असल्यावर लेक अक्षरं लावायला कंटाळत नाही. वर पायऱ्याही दिलेल्या असतात. तिसरीच्या मागे पडलेल्यांना पहिल्या पायरीचं द्या, एका पानावर एखाददुसरं वाक्य असतं.

खडू_फळा

वाचनासाठी आता कुणीतरी गूगलचं रीड अलाँग सुचवेलच, म्हणून आधीच सांगतो. ॲप चांगलं आहे, मराठीत आहे, गोष्टी आधी उतरवून ठेवल्या तर नेटही लागत नाही. पोर मोठ्यानं वाचतं, ॲप ऐकतं आणि अडलं तर शब्द सांगतं. पण 26 पोरांच्या खोलीत त्याला कुणाचं ऐकावं तेच कळत नाही. जोडीला व्हरांड्यात बसवावं लागतं, आणि वर पत्रा असेल तर पावसाळ्यात विसराच. दसऱ्याच्या सुट्टीनंतर काढा.

आणि टॅब वर्गातल्या लाकडी कपाटात ठेवू नका. तुमच्याकडच्या दमटपणात चार्जिंगची पिन पहिली जाते. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घ्या, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

जांबोटी_रोड

सगळ्यांचे आभार. पाटी-टॅबची जोडी सोमवारपासूनच करून बघते, त्याला ना नेट लागतं ना कुणाची परवानगी. गुरुजी, एक शंका: नली-कलीत पोरगं कुठल्या पायरीवर आहे ते आपण तक्त्यावर भरतो. टॅबवर केलेलं त्यात धरायचं का? सीआरपी (शाळा तपासायला येणारे केंद्रातले साधन व्यक्ती) आले की तक्ताच बघतात.

टिळकवाडी, लॅपटॉप विंडोज 7 वर आहे. चालेल?

निपाणीचा_गुरुजी

टॅबवर काय केलं ते धरू नका. पाटीवर किंवा कार्डावर पुन्हा करून दाखवलं तर पायरी चढवा. टॅबवर अंदाजानं बोटं मारूनही बरोबर येतं, पोरं त्यात पटाईत असतात.

टिळकवाडी_कट्टा

विंडोज 7 वर नवी आवृत्ती त्रास देईल. शनिवारी बेळगावला येणं झालं तर लॅपटॉप घेऊन या, विंडोजच्या जागी उबुंटू टाकून देतो, कोलिब्री त्यावर चालतं. आतलं सामान आधी पेन ड्राइव्हवर काढून ठेवा, सगळं पुसलं जाईल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.